मदत हवी आहे: 'क्ष' न वापरता शाब्दिक उदाहरणं कशी समजवायची?

लेक चौथीत आहे. पाढे पक्के, पण शाब्दिक उदाहरण आलं की एकच प्रश्न, "आई, यात गुणायचं की भागायचं?"

परवाचं उदाहरण: वही आणि पेन मिळून ५० रुपये, वही पेनापेक्षा २० रुपयांनी महाग, तर पेन केवढ्याला? तिने ५० मधून २० वजा करून ३० सांगितलं. मी सवयीने 'पेन क्ष मानू' म्हणाले आणि तिचा चेहरा पडला. मग कागदावर दोन पट्ट्या काढल्या, वहीची लांब, पेनाची आखूड. जास्तीचे २० कापले, उरलेले ३० दोघांत सारखे, म्हणजे पेन १५ ला. हे झटकन कळलं.

गाडी अडली ती कोंबड्या-शेळ्यांपाशी. डोकी २०, पाय ५६. सगळ्या कोंबड्याच धरल्या तर पाय ४०. उरलेले १६ दोन-दोन करून वाटले की शेळ्या ८. तिचं म्हणणं, "शेळ्या आहेत ना, मग कोंबड्या का मानायच्या?" (बिनतोड!) भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या जुन्या गणितग्रंथातल्या 'इष्टकर्म' नावाच्या रीतीतही आधी एक संख्या मानूनच चालतात, पण हे तिला सांगून काय उपयोग?

प्राथमिकला शिकवणाऱ्यांनो, हे 'मानणं' मुलांच्या गळी कसं उतरवता? चिंचोके मांडून? आणि पट्ट्या कुठल्या उदाहरणांत चालत नाहीत?