मदत हवी आहे: चिकटवहीत डकवलेली सिगारेटच्या पाकिटातली नट्यांची कार्डं

मंडळी, इथे कोणाला जुने कागद, जुने फोटो यांचा नाद असेल तर जरा सांगा.

इथे न्यू जर्सीत एका इस्टेट सेलमध्ये (घरातलं जुनं सामान विकतात तिथे) जुनी चिकटवही मिळाली. फुलांच्या आणि गुटगुटीत बाळांच्या रंगीत चित्रांमध्येच नाटकातल्या नट्यांचे बोटभर उंचीचे तपकिरी फोटो डकवलेत. खाली ‘स्वीट कॅपोरल’ असं छापलंय. म्हणजे न्यूयॉर्कच्या किनी ब्रदर्सच्या सिगारेटी, साधारण १८९० च्या. पाकिटं मऊ कागदाची, म्हणून सिगारेटी चेपू नयेत यासाठी आत पुठ्ठा घालत. त्यावरच नटी चिकटवली की गिऱ्हाईक पुढचं पाकीट घेणारच!

त्या काळची प्रसिद्ध अमेरिकन गायिका-नटी लिलियन रसेल ओळखू आली. दुसरी एक पुरुषी वेशात, पिसाची टोपी घालून खोट्या खडकाला टेकलीय, आणि मागच्या रंगवलेल्या पडद्याची कड जमिनीवर मुडपलेली चक्क दिसते. फोटोग्राफर घाईत असावा. मला तर ते फार आवडलं.

एक विक्रेता म्हणतो, कोमट पाण्यात भिजवा, सुटी करा, एकेक विका. मला वही मोडायची नाही. कोणीतरी हौसेने मांडणी केलीय, तीच खरी गंमत. पण पानं इतकी ठिसूळ झालीत की उलटताना कडा गळतात. काय करू? आणि हे खरे फोटो की नंतरची छपाई?

रद्दीवाला: पाण्याचं नावही काढू नका! हे अल्ब्युमेन प्रिंट असणार, म्हणजे कागदावर अंड्याच्या पांढऱ्याचा थर. भिजला की फुगतो, वाळताना तडकतो. भिंगातून बघा: ठिपक्यांची जाळी दिसली तर छपाई, सलग छटा असेल तर फोटो. वही आडवी ठेवा, पानांमध्ये आम्लरहित कागद घाला. पीव्हीसी प्लास्टिकची पाकिटं नकोत. ताडून बघायला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या साइटवर अशा जुन्या कार्डांचा बर्डिक संग्रह आहे, त्यात किनीची ही मालिका एन २४५ या क्रमांकाने सापडेल.

धागाकर्ता: आभार! भिंगातून पाहिलं, ठिपके नाहीत. विक्रेत्याला ‘नाही’ असं कळवलंय. आता काही कार्डांवर नटीचं नावच नाही, ती कशी ओळखायची?

रद्दीवाला: फोटो टाका इथे, बघू. फ्लॅश मारू नका, खिडकीजवळ काढा.