पोट उतरवायचं, स्नायू वाढवायचे: ठाण्यात आहे, सल्ला हवा

मंडळी, नमस्कार.

बाबांना डेंग्यू झाला म्हणून आलो, आता मार्चपर्यंत ठाण्यातच, पाचपाखाडीच्या घरी आहे. वय ४४, वजन ८० किलो, आणि पँटचा घेर दर वर्षी वाढतोय. घराजवळच्या जिममध्ये नाव घातलं. पहिल्याच दिवशी ट्रेनरने यादी हातात दिली: व्हे प्रोटीन, बीसीएए, फॅट बर्नर, क्रिएटिन. महिन्याला साडेनऊ हजार. याशिवाय रिझल्ट येणार नाही म्हणाला. हे सगळं खरंच लागतं का? आणि चरबी उतरवणं आणि स्नायू वाढवणं एकदम जमतं, की आधी एक, मग दुसरं? आईच्या हातचं जेवण आहे. अंडी-मासे चालतात, मटण क्वचित.

---

अरे, तू आलायस आणि कळवलंही नाहीस! मी निवृत्तीनंतर नौपाड्यात परतले ते तुला ठाऊक नसेल. हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ म्हणून इतकी वर्षं काढली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी वजनकाट्याबद्दल. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपण अंगाने किरकोळ दिसलो तरी आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही आपल्याकडची ठेवण. म्हणून तू ‘किती किलो उतरले’ हे मोजू नकोस, पोटाचा घेर मोज.

एकदम जमतं का? तुझ्यासारख्या नवख्याला जमतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचा २०१६ चा प्रयोग मी रुग्णांना नेहमी सांगायचे. ४० तरुणांना चार आठवडे गरजेपेक्षा ४० टक्के कमी खायला दिलं आणि आठवड्यातून सहा दिवस कसून व्यायाम करून घेतला. अर्ध्यांना शरीराच्या किलोमागे १.२ ग्रॅम प्रथिनं, बाकीच्यांना २.४. जास्त प्रथिनंवाल्यांची चरबी ४.८ किलो गेली आणि चरबीखेरीजचं वजन १.२ किलोनं वाढलं. कमीवाल्यांची चरबी ३.५ किलो गेली, बाकी वजन जवळजवळ तेवढंच राहिलं. एवढी उपासमार तू करू नकोस, पण त्यातलं गणित लक्षात ठेव.

तुला किलोमागे १.६ ग्रॅम पुरे, म्हणजे रोज साधारण १२५ ग्रॅम. आता आईचं ताट बघ. पोहे, पोळी-भाजी, वरण-भात, रात्री पुन्हा तेच. पोळीत ३ ग्रॅम, वाटीभर वरणात ६-७. दिवसाचे ५५-६० च्या वर जात नाहीत. आपल्या घरांतली खरी खोट इथे आहे, आणि ती पावडरीशिवायही भरून निघते. सकाळी पोह्यांबरोबर तीन अंडी (१८ ग्रॅम), दुपारी वरणाऐवजी मोड आलेल्या मटकीची घट्ट उसळ, संध्याकाळी १०० ग्रॅम पनीर (१८), रात्री बांगडा किंवा सुरमईचे १५० ग्रॅमचे तुकडे (३०). मासे नसतील त्या दिवशी सोयाचे ५० ग्रॅम कोरडे गोळे भिजवून रस्सा कर, २५ ग्रॅम येतात. तेवढ्या पैशात एवढी प्रथिनं दुसऱ्या कशात मिळत नाहीत. आणि भात निम्मा कर, फरसाण बंद कर. १०० ग्रॅम फरसाण म्हणजे साधारण साडेपाचशे कॅलरी. एक किलो चरबी म्हणजे ७७०० कॅलरी, तेव्हा रोज ५०० वाचवल्यास तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या जरा खाली. याहून घाई नको.

पाकिटांचं म्हणशील तर व्हे म्हणजे दूध नासल्यावर उरणारी निवळी, वाळवलेली. औषध नव्हे, अन्नच. प्रथिनं कमी पडतील त्या दिवशी डब्यातल्या मापाचा एक चमचा घे, नाहीतर गरज नाही. पण घेशील तर पारखून घे: २०२४ साली केरळच्या डॉक्टरांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरी तपासल्या, तर सुमारे ७० टक्क्यांवरचा प्रथिनांचा आकडा चुकीचा निघाला. बीसीएए म्हणजे प्रथिनांचेच काही घटक, ते जेवणातून मिळतातच, ते पैसे वाचव. फॅट बर्नरमध्ये बहुधा कॅफिन असतं. त्यापेक्षा व्यायामाआधी कपभर कॉफी पी. क्रिएटिन, म्हणजे स्नायूंना जोर लावताना ऊर्जा पुरवणारा पदार्थ, मात्र खरंच काम करतं. साधं ‘क्रिएटिन मोनोहायड्रेट’ घे, रोज ३ ते ५ ग्रॅम. सुरुवातीला वजन किलोभर वाढेल, ते स्नायूंतलं पाणी असतं. घाबरू नकोस.

आणि यातलं काहीही वजन उचलल्याशिवाय अंगी लागत नाही. आठवड्यात तीन दिवस: बैठक, डेडलिफ्ट (जमिनीवरचा वजनाचा दांडा उचलणं), छाती आणि खांद्याचा प्रेस (वजन ढकलणं), पाठीसाठी ओढण्याचे व्यायाम. शेवटची दोन-तीन आवर्तनं जड गेली पाहिजेत. वहीत लिहून ठेव, पंधरवड्याने वजन किंवा आवर्तनं वाढव. नुसत्या क्रंचेसने पोटावरचीच चरबी उतरते असं नाही.

तुझी ताई

---

ताईंचं पटलं, पण काळजीपोटी विचारतो. एवढ्या प्रथिनांनी किडनीवर ताण येत नाही का? आमच्या ओळखीत एकाचं क्रिएटिन घेतल्यावर क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीत रक्तात मोजतात ते) वाढलं होतं. आम्ही तालमीत जोर-बैठका आणि दूध यावरच राहिलो.

काका

---

काका, विचारलंत ते बरं केलंत. किडनी निरोगी असेल तर एवढ्या प्रथिनांनी नुकसान होत नाही. आधीच आजार असेल त्याने मात्र डॉक्टरांना विचारूनच आहार बदलावा. क्रिएटिनचं शरीरात क्रिएटिनिन होतं, म्हणून रक्तातला आकडा थोडा वर जातो. तपासणीआधी डॉक्टरांना सांगून ठेवायचं. तुमच्या जोर-बैठका उत्तमच, फक्त शंभर सहज निघायला लागल्या की वजन घ्यायला हवं.

आणि अरे, बाबांना विसरू नकोस. डेंग्यूने माणूस अंथरुणाला खिळतो, मांड्या आटतात. १९९० साली बॉस्टनमध्ये नव्वदीच्या दहा वृद्धांना आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिला होता. ज्या नऊ जणांनी तो पुरा केला त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. डॉक्टरांची परवानगी घे आणि खुर्चीतून उठ-बस सुरू करव.

---

ताई, दहा आठवडे झाले. वजन ८० चं ७७. सहाव्या आठवड्यात काटा जागचा हलला नव्हता तेव्हा धीर सुटत होता, पण पोटाचा घेर ९८ सेंमीवरून ९१ वर आलाय. डेडलिफ्ट रिकाम्या दांड्यापासून ७० किलोपर्यंत. क्रिएटिन तेवढं घेतलं, बाकी तीन पाकिटं नाही. आई आता भाजीवाल्याआधी मासेवालीची वाट बघते.

बाबा आमच्या जेवणाच्या खुर्चीतून हात न टेकता आठ वेळा उठतात. पहिल्या आठवड्यात एकदाही जमत नव्हतं. काल कचराळी तलावाला दोन फेऱ्या घातल्या, वाटेत न बसता. रविवारी सकाळी सात वाजता पुन्हा जाणार आहोत. तुम्ही या, बाबांना तुम्हाला भेटायचंय.