लेन्स करेक्शन वेगळं, पानाचा बाक वेगळा
जुन्या पुस्तकांच्या पानांचे फोटो सरळ करायला लेन्स प्रोफाइल (त्या लेन्सच्या दोषाची तयार दुरुस्ती) लावलं की पुरे, डीप लर्निंग (उदाहरणांवरून शिकणारी न्यूरल नेटवर्क्स) कशाला, असं काहीजण म्हणतात ते मला अर्धंच पटतं. लेन्समुळे कडा फुगतात ते प्रत्येक लेन्सला ठरलेलं असतं, तिथे साधं गणित छान चालतं, पण शिवणीपाशी पान जे आत वळतं ते दर पानाला वेगळं, त्याला प्रोफाइल कुठून आणणार? २०१८ चं डॉकयूनेट आणि २०१९ चं ड्यूवार्पनेट ही डीप लर्निंग मॉडेल्स खास त्यासाठीच आहेत, ड्यूवार्पनेट तर आधी पानाचा थ्रीडी आकार ओळखतं आणि मग ते सपाट करतं.

आणखी एक सांगतो, फोटो आधी क्रॉप करू नका. ही मॉडेल्स पानाच्या चारही कडा दिसणाऱ्या फोटोंवर शिकलीयत, कडा कापल्या की गडबडतात. आणि नेटवर्क फोटो बारीक करून बघतं, त्यामुळे निघालेला मॅप (फोटोतला कुठला बिंदू कुठे सरकवायचा त्याचा नकाशा) मोठा करून मूळ फोटोवर लावायचा, नाहीतर जोडाक्षरं आणि अनुस्वार पुसट होतात. निकाल तपासायला आपली शिरोरेषा फार कामाची, शिवणीजवळच्या शब्दांवर झूम करा, जरा जरी लाट उरली असेल तर तिथे लगेच दिसते.