रिलॅक्संटशिवाय इंट्युबेशन: जबडा सैल, पण ट्यूबचा कफ फुगवताच खोकला

प्रश्न:
थायरॉईडच्या शस्त्रक्रियेत नर्व्ह मॉनिटर (स्वरयंत्राच्या नसेवर लक्ष ठेवणारं यंत्र) लावायचा आहे, म्हणून मसल रिलॅक्संट (स्नायू सैल करणारं औषध) द्यायचं नाही. रुग्ण प्रौढ, ६० किलो, पोट रिकामं, वायुमार्ग सोपा. फेंटानिल २ मायक्रोग्रॅम/किलो, लगेच मागोमाग प्रोपोफॉल २ मि.ग्रॅ./किलो आणि मिनिटभरात लॅरिंगोस्कोपी (ब्लेडने स्वरयंत्र बघणं) करून इंट्युबेशन (श्वासनलिकेत ट्यूब घालणं), या क्रमाने जबडा सैल मिळतो. पण व्होकल कॉर्ड्स (स्वरतंतू) हलत असतात आणि ट्यूबचा कफ (टोकाजवळचा फुगा) फुगवला की जोराचा खोकला येतो. प्रोपोफॉल वाढवायचं का?

प्रतिसाद १:
डोस जरा कमी आहेच, पण खरी अडचण वेळेची आहे. फेंटानिलचा परिणाम शिगेला पोचायला ३ ते ५ मिनिटं लागतात. तुमची ट्यूब त्याआधीच आत गेलेली असते. प्रोपोफॉल झोप आणतं, जबडा सोडवतं; श्वासनलिकेचा खोकला दाबण्याचं काम मुख्यतः ओपिऑइडचं (फेंटानिलच्या गटातल्या औषधाचं).

६० किलोला असं करून बघा. ऑक्सिजन सुरू असतानाच फेंटानिल ३ मायक्रोग्रॅम/किलो, म्हणजे १८० मायक्रोग्रॅम, अर्ध्या मिनिटात सावकाश. झटक्यात दिलं तर त्यानेच खोकला येतो. रुग्ण गुंगेल आणि श्वास घ्यायला विसरेल, म्हणून मास्क घट्ट धरून ‘श्वास घ्या’ असं सांगत राहा. अडीच मिनिटांनी लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) १.५ मि.ग्रॅ./किलो शिरेतून: २ टक्क्यांचं साडेचार मिली, अ‍ॅड्रेनलिन नसलेलंच. मग प्रोपोफॉल २.५ मि.ग्रॅ./किलो, १५० मि.ग्रॅ., ३० सेकंदांत. त्यानंतर पूर्ण ९० सेकंद मास्कने श्वास देत थांबा. हे ९० सेकंद फार लांब वाटतात, आणि सगळं तिथेच फसतं.

ब्लेड घालण्याआधी जबडा पुढे ओढून बघा. रुग्ण हलला तर प्रोपोफॉल आणखी ३० मि.ग्रॅ. देऊन पाऊण मिनिट थांबा. कॉर्ड्स मिटलेल्या दिसल्या तर ट्यूब रेटू नका. एरिटेनॉइडला (कॉर्ड्स जिला जोडलेल्या असतात त्या कूर्चेला) इजा होते, स्वर बसतो. ब्लेड काढा, मास्क लावा, भूल खोल करा. सक्सिनिलकोलिन (झटपट काम करणारं रिलॅक्संट) भरलेली सिरिंज हाताशी हवीच.

लिग्नोकेनचा स्प्रे किंवा जेली मात्र इथे नको. ट्यूबच्या इलेक्ट्रोडवरचा नर्व्ह मॉनिटरचा सिग्नल बिघडू शकतो.

प्रतिसाद २:
रेमिफेंटानिल (फेंटानिलसारखंच ओपिऑइड) मिळत असेल तर ते या कामाला जास्त चांगलं, कारण दीड मिनिटात शिगेला पोचतं आणि लवकर उतरतं. प्रोपोफॉल २ मि.ग्रॅ./किलोसोबत ३ मायक्रोग्रॅम/किलो, निदान ३० ते ६० सेकंदांत. घाई केली तर छाती ताठरते, ग्लॉटिस (कॉर्ड्समधली फट) मिटतं आणि मास्कने हवा जात नाही. म्हणून प्रोपोफॉल आधी सुरू करायचं. नाडी आणि बीपी दोन्ही पडतात. अ‍ॅट्रोपिन आणि एफेड्रिन (नाडी आणि बीपी वाढवणारी औषधं) भरून ठेवा.

केटामिन या दुसऱ्या भुलीच्या औषधाने बीपी टिकतं, पण घशाचे रिफ्लेक्स जागे राहतात, लाळ वाढते. थायोपेंटोन हे भुलीचं औषधही कॉर्ड्स तितक्या शांत करत नाही. या पद्धतीत प्रोपोफॉलच्या जागी ती चालत नाहीत.

प्रतिसाद ३:
डॉक्टर, रिलॅक्संट अजिबात नको हा आग्रह तपासून बघा. मॉनिटरला स्नायू जागा लागतो तो नर्व्ह शोधायच्या वेळी, ट्यूब घालताना नाही. रोक्युरोनियम (रिलॅक्संट) ०.३ ते ०.६ मि.ग्रॅ./किलो एकदाच द्या आणि सर्जन नर्व्हपाशी पोचण्याआधी ट्रेन-ऑफ-फोर (रिलॅक्संट किती उतरलं ते दाखवणारी चाचणी) बघून सुगामाडेक्सने (रोक्युरोनियमचा उतारा) उलटवा. रिलॅक्संटशिवाय ट्यूब घातल्यावर घसा बसण्याच्या तक्रारी जास्त दिसतात, आणि थायरॉईडच्या रुग्णात बसलेला आवाज नर्व्हमुळे की ट्यूबमुळे, हा घोळ नंतर निस्तरावा लागतो.

पोट भरलेलं असेल तर वरची कुठलीच कृती नको. तिथे रोक्युरोनियम १.२ किंवा सक्सिनिलकोलिन १ ते १.५ मि.ग्रॅ./किलो.

प्रश्नकर्ता:
समजलं. सत्तरीच्या, बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या रुग्णाला हाच क्रम चालेल?

प्रतिसाद १:
क्रम तोच, आकडे नाहीत. फेंटानिल १ ते २ मायक्रोग्रॅम/किलो, प्रोपोफॉल १ ते १.५ मि.ग्रॅ./किलो, तेही थोडंथोडं. रक्ताभिसरण मंद असल्याने परिणाम उशिरा दिसतो. ‘अजून झोप लागली नाही’ म्हणून दुसरा डोस दिला की दोन मिनिटांनी दोन्हींचा परिणाम एकदम येतो आणि बीपी कोसळतं. या वयात मी प्रतिसाद ३ मधला रोक्युरोनियमचा मार्गच निवडेन.