सीएसएम, पीएसएम की पीएमआय-एसीपी? टेस्ट लीडने पैसे कशात घालावेत?

टेस्टकेसवाली:

हिंजवडी फेज ३ मध्ये एका सर्व्हिस कंपनीत टेस्ट लीड आहे. नऊ वर्षं झाली, सगळी क्यूएमध्येच, म्हणजे टेस्टिंगमध्ये. आमची टीम स्क्रमने चालते, म्हणजे काम छोट्या छोट्या टप्प्यांत करायची ॲजाइल पद्धत. ती घडी सांभाळणारा स्क्रम मास्टर दुसऱ्या क्लायंटच्या कामावर गेला आणि तेव्हापासून रोजची छोटी मीटिंग म्हणजे स्टँडअप, टप्पा संपल्यावरचा आढावा म्हणजे रेट्रो, जिरावरचा कामांचा बोर्ड, सगळं माझ्या गळ्यात. मॅनेजर म्हणतात, "करतेच आहेस तर एखादं सर्टिफिकेशन उरकून टाक, अप्रेझलला डेजिग्नेशन मागता येईल."

आता घोडं कुठे अडलंय ते सांगते. कंपनी पास झाल्यावरच पैसे परत देते, तेही १५ हजारांपर्यंत. रिन्युअल ज्याचं त्याने बघायचं. सीएसएमच्या (स्क्रम अलायन्सचं स्क्रम मास्टरचं सर्टिफिकेट) कोर्सला एकाने १८ हजार अधिक जीएसटी सांगितले, दुसऱ्याने २६ हजार. दोन्हीकडे शनिवार-रविवार, झूमवर. दुसऱ्याला विचारलं, आठ हजार कसले जास्त? तर म्हणे आमचा व्हॉट्सॲप ग्रुप लाइफटाइम असतो!

पीएसएमला (स्क्रम मास्टरचंच, पण स्क्रम डॉट ऑर्गचं) कोर्सची सक्ती नाही हे आवडलं, पण टीममधला एक मुलगा म्हणतो एचआरला ते माहीतच नसतं. क्लायंट अमेरिकेतली विमा कंपनी आहे, त्यांच्याकडे सेफ (मोठ्या कंपन्यांसाठीची ॲजाइल पद्धत, तिचंही सर्टिफिकेट असतं) सुरू होणार असं कानावर आहे. आणि नवऱ्याचं म्हणणं, करायचंच तर पीएमपी कर (पीएमआय या संस्थेचं प्रोजेक्ट मॅनेजरचं सर्टिफिकेट), ते निदान माझ्या बाबांनाही माहीत आहे.

कुणी यातून गेलं असेल तर सांगा. मुलाची सहामाही झाली की अभ्यासाला बसेन म्हणते.

बाणेर_बाय_नाइट:

सीएसएम. जास्त विचार करू नका. नोकरीच्या साइटवर "स्क्रम मास्टर, पुणे" टाकून बघा, दहातल्या बऱ्याच जाहिरातींत तेच दिसेल. दोन दिवस बसा, परीक्षा द्या, मोकळ्या व्हा. मी नापास झालेला माणूस अजून पाहिलेला नाही.

जुनाजाणता:

वरच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्यच सीएसएमची अडचण आहे. ५० प्रश्न, ६० मिनिटं, ३७ बरोबर आले की पास. कोर्सच्या फीमध्येच ९० दिवसांच्या आत दोन प्रयत्न मिळतात. म्हणजे पैसे कोर्सचे आहेत, परीक्षेचे नाहीत. ट्रेनर चांगला असेल तर कोर्स खरंच वसूल होतो, पण ट्रेनर कोण हे बघून कोर्स निवडणारे थोडे. शिवाय दर दोन वर्षांनी १०० डॉलर आणि २० एसईयू, म्हणजे नवीन काही शिकल्याचे गुण. ते एसईयू वेबिनार ऐकून, लेख वाचून भरता येतात, पण नोंदी तुम्हालाच ठेवायच्या.

पीएसएम १ उलट आहे. ८० प्रश्न, तेही ६० मिनिटांतच, आणि ८५ टक्के हवेत. २०० डॉलर एका प्रयत्नाचे, नापास झालात की गेले. पण पास झालात की आयुष्यभराचं, रिन्युअल नाही. गंमत म्हणजे दोन्ही दुकानं मूळ एकाच घरची. केन श्वेबर स्क्रम अलायन्सच्या संस्थापकांपैकी, २००९ मध्ये बाहेर पडले आणि स्क्रम डॉट ऑर्गची वेगळी चूल मांडली. अभ्यासाचं पुस्तकही तेच, श्वेबर आणि जेफ सदरलंड यांचं स्क्रम गाईड. २०२० ची आवृत्ती, १३ पानं, फुकट.

मी डिलिव्हरीत आहे आणि स्क्रम मास्टरच्या मुलाखती घेतो. माझा एक ठरलेला प्रश्न आहे: दोन आठवड्यांचा स्प्रिंट (कामाचा एक टप्पा), सहाव्या दिवशी क्लायंटचा व्हीपी मेल टाकतो की हे एक काम आत घ्या. काय कराल? निम्मे उमेदवार छाती काढून सांगतात, "नाही म्हणेन, स्प्रिंट लॉक असतो." त्यात सीएसएमवालेही असतात, पीएसएमवालेही. गाईडमध्ये असं कुठेही नाही. तिथे एवढंच आहे की स्प्रिंट गोल, म्हणजे त्या टप्प्याचं ठरलेलं ध्येय, धोक्यात येईल असा बदल करायचा नाही, आणि जसजसं कळत जाईल तसतसा स्कोप प्रॉडक्ट ओनरशी (काय बनवायचं आणि आधी काय, हे ठरवणारा) बोलून परत ठरवता येतो. उरलेले म्हणतात, "टीमला संध्याकाळी जास्त वेळ थांबायला सांगेन." ते तर बोलायलाच नको.

मागे एक मुलगी आली होती, तुमच्यासारखीच टेस्टिंगमधली, सर्टिफिकेट एकही नाही. तिने मलाच विचारलं, "स्प्रिंट गोल काय होता?" मी एक बनवून सांगितला. मग म्हणाली, व्हीपीचा मेल प्रॉडक्ट ओनरकडे पाठवीन, डेव्हलपर्सना विचारेन की हे घेतलं तर बाहेर काय ठेवायचं, आणि रिग्रेशनला (बदलामुळे जुनं काही बिघडलं नाही ना, ती तपासणी) किती वेळ उरतो ते त्याच दिवशी बोर्डवर दाखवीन. रिग्रेशनचं तिच्याशिवाय कुणाला सुचलं नव्हतं. तिला घेतलं. पण एक सांगायला हवं, ती आमच्यापर्यंत पोचली रेफरलमधून. नुसत्या रेझ्युमेवर एचआरच्या चाळणीतच अडकली असती.

म्हणून तुमच्या टीममधला मुलगा अगदीच चुकीचं बोलत नाहीये. बाहेर नोकरी शोधायची असेल तर सीएसएम या तीन अक्षरांना भाव आहे. पण तुम्हाला आहे त्याच कंपनीत डेजिग्नेशन हवंय ना? मग तुमच्या एचआरची यादी मागा. बहुतेक सर्व्हिस कंपन्यांकडे असते, कुठलं सर्टिफिकेशन कुठल्या रोलला धरतात त्याची. पीएसएम त्यात असेल तर विषय संपला.

सेफ स्वतःच्या खिशातून अजिबात करू नका. ते दर वर्षी रिन्यू करावं लागतं, आणि क्लायंटकडे खरंच सुरू झालं तर अकाउंट स्वतःहून अख्ख्या बॅचला बसवतं. कानावर आलेल्या सेफवर पैसे घालायचे नाहीत.

पीएमआय-एसीपी, म्हणजे पीएमआयचं ॲजाइलचं सर्टिफिकेट, परीक्षा म्हणून मला जास्त आवडते, कारण ती एकट्या स्क्रमची नाही, कानबान, लीन, एक्सपी या बाकीच्या पद्धतीही येतात. १२० प्रश्न, तीन तास. पण त्याला ॲजाइल टीममधला अनुभव दाखवावा लागतो आणि पुढे दर तीन वर्षांनी ३० पीडीयू, तेही एसईयूसारखे शिकल्याचे गुण. पीएमपीला तर चार वर्षांच्या डिग्रीवरही ३६ महिने प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव आणि ३५ तासांचं ट्रेनिंग. यजमानांना सांगा, पीएमपीचा पेपरही २०२१ पासून निम्मा ॲजाइल आणि हायब्रिड (ॲजाइल आणि जुनी पद्धत मिसळून) झालाय, तेव्हा आजचा अभ्यास तिथेही कामी येईल. तिकडे जायचा विचार असेल तर आजच एक एक्सेल उघडा: प्रोजेक्ट, कधीपासून कधीपर्यंत, तुम्ही काय केलंत, मॅनेजर कोण. पीएमआय काही अर्ज ऑडिटला काढतं आणि मग त्या मॅनेजरची सही लागते. सोडून गेलेल्या मॅनेजरला चार वर्षांनी शोधत बसणं फार वैतागाचं.

आइंडहोवनचा_सांगलीकर:

इकडे नेदरलँड्समध्ये जाहिरातींत "पीएसएम किंवा सीएसएम" असं जोडीनेच दिसतं, पीएसएमला कुणी नाक मुरडत नाही. पण ताई, तुम्ही पीएसपीओचा विचार केलात का? प्रॉडक्ट ओनरचं, त्याच स्क्रम डॉट ऑर्गचं, ८० प्रश्न आणि ८५ टक्के तिथेही. नऊ वर्षं विम्याचं सॉफ्टवेअर तपासलेल्या बाईला क्लेमचं कुठलं प्रकरण कुठे फसतं हे बिझनेस ॲनालिस्टपेक्षा जास्त माहीत असतं. मीटिंगा लावण्यात ते वाया का घालवायचं?

कटू_पण_सत्य:

सगळे स्क्रम मास्टर व्हायला निघालेत. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत कॅपिटल वनने ॲजाइलच्या स्वतंत्र जागाच बंद केल्या, अकराशेच्या वर माणसं. ते काम इंजिनिअर आणि प्रॉडक्ट मॅनेजरांनी करायचं ठरलं. १५ हजारांत ऑटोमेशनचा कोर्स करा, त्याला मरण नाही.

जुनाजाणता:

@कटू_पण_सत्य: बातमी खरी आहे आणि तिचा अर्थही बऱ्यापैकी बरोबर लावलाय. नुसता स्क्रम मास्टर ही जागा आमच्याकडेही कमी होतेय. एकाला दोन-तीन टीम देतात, नाहीतर लीडच ते करतो. म्हणूनच मी यांना टेस्टिंग सोडा असं कुठेही म्हटलेलं नाही. आणि याच हिशेबाने एकदाच पैसे भरायचं सर्टिफिकेट बरं, दर दोन वर्षांनी भाडं भरायचं नाही.

@सांगलीकर: पीएसपीओ चांगलं सुचवलंत, पण सर्व्हिस कंपनीत खरा प्रॉडक्ट ओनर क्लायंटकडे बसलेला असतो. इथल्याला "प्रॉक्सी पीओ" म्हणतात आणि त्याच्या हातात निर्णय काही नसतो. प्रॉडक्ट कंपनीत जाणार असाल तर जरूर.

टेस्टकेसवाली:

सगळ्यांचे आभार. एचआरची यादी मिळाली, शेअरपॉइंटवर कुठेतरी पुरलेली होती. सीएसएम आणि पीएसएम १ एकाच ओळीत आहेत, पीएमआय-एसीपी एक ग्रेड वर. म्हणजे पीएसएम.

रात्री गाईड वाचून काढलं. स्टोरी पॉइंट (काम किती मोठं त्याचा अंदाज) त्यात नाहीतच! आणि आमच्याकडे त्यावरून दर सोमवारी मारामाऱ्या. स्क्रम डॉट ऑर्गची स्क्रम ओपन ही फुकट सराव परीक्षाही दिली, ३० प्रश्नांची, ७३ टक्के. चुकलेला एक प्रश्न: डेली स्क्रमला (म्हणजे स्टँडअपला) स्क्रम मास्टर हजर असलाच पाहिजे का? मी "हो" म्हटलं, उत्तर "नाही".

जुनाजाणता:

ती तीनदा सलग शंभर टक्के आल्याशिवाय २०० डॉलर भरू नका, तिथले प्रश्न खऱ्या पेपरपेक्षा सोपे असतात. आणि त्या चुकलेल्या प्रश्नाचं प्रात्यक्षिक टीममध्येच करा: एक दिवस मुद्दाम सुट्टी घ्या आणि स्टँडअप झाला का ते दुसऱ्या दिवशी विचारा.

पैसे भरायच्या आधी फायनान्सला मेल टाकून विचारा की डॉलरमधली पावती चालते का, आणि रुपयांत कुठल्या दराने देणार. २०० डॉलर तुमच्या १५ हजारांच्या वर जातात, कार्डाचं फॉरेक्स मार्कअप (परकीय चलनासाठीचा जादा आकार) वेगळं. पावतीवर नाव एम्प्लॉयी रेकॉर्डमध्ये आहे तसंच येऊ द्या. आमच्याकडे एकीचं माहेरच्या नावाने आलं आणि क्लेम दोनदा परत आला.

टेस्टकेसवाली:

माझंही पासपोर्टवर माहेरचंच आहे. बरं झालं सांगितलंत, मेल आजच टाकते.