स्पिटफायरच्या डिकलखाली चंदेरी चट्टे, काय करू?

खटपट्या: 1/72 प्रमाणातलं स्पिटफायर मार्क 8 (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान) मॉडेल, बर्मा आघाडीची रंगसंगती. मॅट अ‍ॅक्रिलिकवर थेट डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणा) लावले. वाळल्यावर पारदर्शक भाग चंदेरी दिसतोय, पॅनेलच्या रेषांवर तर डिकल ताणून बसलंय. सोलून काढू का?

एरोबाबा: सोलू नका, खालचा रंगही येईल. मॅट रंग खरबरीत असतो; खळग्यांत अडकलेली हवा चकाकते. बारीक सुईने तिथे भोकं पाडा, टोकदार ब्रशने मायक्रो सोल (डिकल मऊ करणारं द्रावण) सोडा. डिकल सुरकुतेल. बोट अजिबात लावू नका, सुकताना आपोआप सपाट होतं. रात्रभर ठेवून उरलेल्या जागी पुन्हा.

पॉलिशपेपर: आधी शीटवरच्या नको असलेल्या डिकलवर सोल लावून बघा, काही डिकल विरघळतात. पुढच्या वेळी रंगावर ग्लॉसचे दोन पातळ हात, 24 तास वाळू द्या, मग डिकल, वॉश (रेषा उठवणारा पातळ गडद रंग) आणि शेवटी मॅट वार्निश. पावसाळी हवेत लॅकर वार्निश फवारलंत तर पांढुरकं पडणारच, कोरडा दिवस धरा.

एरोबाबा: राउंडेलमध्ये (विमानावरच्या गोल राष्ट्रीय खुणेत) लाल नाही ना? जपानी खुणेशी गल्लत नको म्हणून त्या आघाडीवर लाल काढला होता.

खटपट्या: नाही, गडद-फिका निळाच आहे. डाव्या पंखावरचा चट्टा गेला! सिरीयल नंबरभोवती अजून आहे, तिथे सुई घालायला जागाच नाही.

पॉलिशपेपर: अक्षरांच्या कडेने नव्या ब्लेडचं टोक हलकेच फिरवा, मग सोल.