मदत हवी आहे: लॅनचा डोंगल उपटला की मशीन बसतं

नमस्कार मंडळी, महापे एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, लिनक्सचे बॉक्स बनवतो. त्यातल्या यूएसबी लॅन डोंगलचा ड्रायव्हर मीच लिहिलाय. डाउनलोड चालू असताना डोंगल खेचला की १० पैकी २-३ वेळा कर्नल पॅनिक (लिनक्सचा गाभाच कोसळून मशीन ठप्प), कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवा नुसता लुकलुकत राहतो.

कासान (कर्नलमधल्या मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावून बघितलं तर यूज-आफ्टर-फ्री निघाला, म्हणजे सोडून दिलेली मेमरी परत वापरली जातेय. लिंक तपासणारं एक डिलेड वर्क (ठरावीक वेळाने चालायला लावलेलं काम) दर सेकंदाला चालतं, ते फ्री_नेटडेव्ह (नेटवर्क डिव्हाइसची मेमरी सोडणारं फंक्शन) झाल्यावरही त्याच मेमरीत हात घालतं. म्हणून डिव्हाइस बंद होताना चालणाऱ्या स्टॉप फंक्शनमध्ये कॅन्सल_डिलेड_वर्क_सिंक (वर्क रद्द करणारं, चालू असेल तर ते संपेपर्यंत थांबणारं) टाकलं तर आता पॅनिक नाही पण डेडलॉक, कारण स्टॉप आरटीएनएल लॉक (कर्नलच्या नेटवर्क भागाचं सामायिक कुलूप) धरूनच कॉल होतं आणि माझं वर्कपण तोच लॉक मागतं, दोघं एकमेकांची वाट बघत बसतात.

आता अनरजिस्टर_नेटडेव्हच्या (कर्नलमधून डिव्हाइसची नोंद काढणाऱ्या फंक्शनच्या) नंतर आणि फ्रीच्या आधी कॅन्सल करायचा विचार आहे, पण इंटरप्ट यूआरबीचा (यूएसबीवरून डोंगलची स्थिती कळवणाऱ्या विनंतीचा) कॉलबॅक तेच वर्क परत शेड्यूल करतो, मग आधी यूआरबी किल करायचा ना? की वर्कमधला लॉकच काढू? क्रम कोणी नीट सांगेल का? घणसोली-ऐरोलीकडे कोणी असेल तर बॉक्स घेऊन येतो, सोमवारी माल द्यायचाय आणि असा द्यायला मन धजत नाही.